घरगुती कारण

आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दात तयार होतात. पुढे मॅडम रोग्याच्या तोंडाचं माप घेतात आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आमच्याकडे सरकवतात. मागे आम्ही त्या मापात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, कवळी शिजवतो, घासून चकचकीत करतो आणि त्याच खिडकीतून परत पुढे पाठवतो. एकतीस वर्षं मी हेच करतोय. समोरचा माणूस बोलायला लागला की मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतो, ही माझ्या बायकोची जुनी तक्रार आहे.

माझ्या शेजारच्या स्टुलावर सहा वर्षं जी बसायची, तिची ही हकिकत.

आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. विज्ञानाची पदवी घेतलेली, आणि अंगानं इतकी किरकोळ की मॅडम म्हणाल्या, "ही चिमटी टिकणार का इथे?" नाव चिकटलं ते चिकटलंच. चिमटी टिकली. जे शिकायला मला तीन वर्षं लागली ते तिनं आठ महिन्यांत उचललं. मेणाचा सुळा कोरायला बसली की ही श्वास घेतेय की नाही, असं वाटायचं. खोड एकच. अडलं तर विचारायची नाही. एकदा एका दाढेची टोपी तिनं चार वेळा केली, चारही वेळा बिघडवली, आणि मी हातभर अंतरावर बसलेलो असताना अवाक्षर काढलं नाही. चारही टोप्या मला कचऱ्याच्या डब्यात सापडल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या.

"अगं, मी काय खाणार होतो तुला?"

"तसं नाही काका," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

पुढचं सगळं सुरू झालं ते बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या एका गृहस्थांमुळे. साठीला टेकलेले, आवाज खणखणीत, पण आमची कवळी बसवल्यापासून "स" म्हटलं की शिट्टी वाजायची. "सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी सुटणारी" एवढं म्हणेपर्यंत चार शिट्ट्या. गाडी सुटली असं वाटून प्रवासी पळत सुटायचे. सांगताना ते स्वतःच हसत होते, पण साहेबांनी त्यांना माइकवरून उठवून चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

कवळी दोनदा मागे आली, दोनदा आम्ही पुढचे दात जरासे हलवले. शिट्टी जागच्या जागी. तिसऱ्या वेळी चिमटी पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीमागे उभी राहिली. ऐकलं, आणि म्हणाली, वरच्या दातांच्या मागे टाळूला खोलगट राहिलंय, हवा तिथून निसटतेय. तिथे मेणाचा पातळ थर द्यायचा, बोलायला लावायचं, खरवडायचं, पुन्हा बोलायला लावायचं. पण आम्हा मागच्या लोकांना रोग्याच्या तोंडात हात घालायची परवानगी नाही. म्हणून ती मॅडमना सांगायची, मॅडम करायच्या. "अजून थोडं डावीकडे मॅडम. नाही, एवढं नाही." मॅडमना बाहेरचे पाच रोगी दिसत होते, हिला तो एक "स" ऐकू येत होता. सव्वा तासानं शिट्टी गेली. गृहस्थ खुर्चीतून उठले आणि त्यांनी दवाखान्यात उभं राहून संध्याकाळचं अख्खं वेळापत्रक म्हणून दाखवलं. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिमटी मागे येऊन स्टुलावर बसली. मला वाटलं खूश असेल.

"काका, माझा हात त्या खिडकीपाशी संपतो," ती म्हणाली. "मला आत जायचंय."

आत जायचं म्हणजे दंतवैद्यकाच्या कॉलेजात. तिथे पदवी झालेल्यांसाठी बारा जागा असतात. पदवीचे गुण, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, तिन्ही मिळून निवड. किमान पन्नास टक्के हवेत. चिमटीला होते एक्कावन्न पूर्णांक चार.

माहिती काढायला आम्ही दोघं गेलो होतो. काउंटरवरच्या कारकुनानं गुणपत्रिका पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागच्या वर्षी शेवटचा जो आत गेला ना, त्याला एकाहत्तर होते."

"पण अर्ज करता येतो ना?"

"करता सगळं येतं," तो म्हणाला आणि फॉर्मचा नंबर लिहून दिला.

ती अभ्यासाला लागली. कवळी भांड्यात शिजत असायची तेवढा वेळ हिचं पुस्तक उघडं. पानांवर प्लास्टरचे ठसे. प्रवेश परीक्षेत अकराशे जणांत ती चौदावी आली तेव्हा मॅडमनी पेढ्यांऐवजी तिला स्वतःचा जुना कोरायच्या हत्यारांचा संच दिला आणि शिफारसपत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं वाचून दाखवलं. हात किती चांगला, नजर किती बारीक, वगैरे वगैरे, आणि मग: "पदवीच्या दुसऱ्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आल्यानं तिचे तीन विषय राहिले. त्या परिस्थितीत कोणाचेही राहिले असते."

चिमटी सुळा कोरत होती. तिचा हात थांबला.

"कसं वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"छान आहे मॅडम," ती म्हणाली.

फॉर्म तिनं दादाच्या दुकानात भरला. तिचा थोरला भाऊ झेरॉक्स आणि छपाईचं दुकान चालवतो. नापास झाल्याचं कारण लिहायला फॉर्ममध्ये एक चौकोन होता. ती दहा मिनिटं त्या चौकोनाकडे बघत बसली. शेवटी दादा म्हणाला, "अगं लिही ना काहीतरी, गिऱ्हाईक खोळंबलंय." तिनं दोन शब्द लिहिले: घरगुती कारण.

मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवशी मी खरं तर नाचलो असतो. पण ती पत्र हातात धरून बसली होती आणि तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. नमूद केलेल्या कारणाच्या पुष्टीसाठी वैद्यकीय किंवा अन्य कागदपत्रं सोबत आणावीत.

"मग ने की. आईचे दवाखान्याचे कागद असतील ना घरात?"

"आहेत." ती उठली, खिडकीचं दार लोटलं आणि मग बोलली. "काका, आईचा झटका नंतरचा आहे. मी नापास झाले त्याच्या आठ महिन्यांनंतरचा."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या दोन आठवड्यांतच रसायनशास्त्र तिच्या डोक्यावरून जायला लागलं. विचारायची लाज वाटली. आज विचारलं नाही म्हणून उद्या आणखी कळेना, आणि आणखी कळेना म्हणून विचारायची आणखी लाज. मग ती तासालाच जाईनाशी झाली. रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायची आणि सार्वजनिक वाचनालयाच्या पेपर वाचायच्या खोलीत बसायची. तिथे म्हातारे लोक असायचे, कोणी काही विचारायचं नाही. चार महिने. निकाल लागला, तीन विषय गेले, आणि तेही तिनं घरी सांगितलं नाही. गुणपत्रिका गादीखाली ठेवली.

पुढे आईला झटका आला. त्या धावपळीत गादी उचलली गेली आणि गुणपत्रिका दादाच्या हातात पडली. त्यानं तारीख पाहिलीच नाही. आई अशी पडलेली, पोरगी दवाखान्यात चकरा मारतेय, नापास होणारच. त्यानं तसंच सगळ्यांना सांगितलं. चिमटी गप्प राहिली. आठ वर्षं गप्प राहिली.

"आणि आई?" मी विचारलं.

"आईला तर पक्कं वाटतं की तिच्यामुळे माझं वाटोळं झालं."

मुलाखतीला नऊ दिवस होते. मी तिला म्हटलं, मॅडमना सांग, पत्र बदलून घे. ती म्हणाली, सांगते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या सांगते. मॅडम पुढून हाक मारायच्या, "काय गं डॉक्टरीणबाई, तयारी झाली का?" आणि हिच्या हातातलं हत्यार खाली पडायचं. त्या आठवड्यात तिनं दोन कवळ्यांचे दात उलटसुलट बसवले. मी गुपचूप दुरुस्त केले.

चार दिवस उरले असताना मी तिच्या घरी गेलो होतो, पुस्तकं द्यायला. दोन खोल्यांचं घर. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. पूर्वी त्या पडदे शिवायच्या, आता उजवा हात मांडीवर पडून असतो, बोलणं संथ पण स्पष्ट. दादा दुकानातून आलेला. त्यानं पिशवीतून एक कागद काढला आणि बहिणीसमोर ठेवला.

"हे घे. दवाखान्यानं डिस्चार्जच्या कागदावर साल चुकवलं होतं बघ. मी दुरुस्त करून छान प्रत काढलीय. एकच आकडा होता."

"चुकवलं होतं?" चिमटीनं विचारलं.

"मग काय! मला चांगलं आठवतंय ना, तू नापास झालीस तेव्हा आई दवाखान्यातच होती. हे लोक काहीही लिहितात."

खरंच तसं वाटत होतं त्याला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, कामाला आल्याचा आनंद होता. आई हसल्या. "माझ्या दुखण्यानं तुझे मार्क खाल्ले," त्या म्हणाल्या, "आता त्यालाच परत करू देत."

चिमटीनं कागद घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो.

मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी मला सुट्टी दिली. "सोबत जा, नाहीतर ती फाटकातूनच परत येईल," म्हणाल्या. बसमध्ये तिनं फाइल छातीशी धरली होती. वर दादाचा कागद, खाली खरा. "दोन्ही आणलेत," एवढंच म्हणाली.  सल्ला देणं सोपं असतं, खुर्चीत तिला बसायचं होतं.

सकाळी हाताची परीक्षा. मेणाचा ठोकळा द्यायचा आणि चाळीस मिनिटांत दात कोरून मागायचा. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. सुरुवातीला तिचे हात इतके थरथरत होते की तिनं ते टेबलाखाली घेऊन मांड्यांखाली दाबून धरले. आजूबाजूची पोरं कोरायला लागलेली, आणि ही हातांवर बसलेली. तीन मिनिटं, चार मिनिटं.  मग तिनं हात काढले, ठोकळा उचलून उजेडाकडे धरला, आणि पुढची पस्तीस मिनिटं तिच्या खांद्यांत मला माझ्या शेजारच्या स्टुलावरची चिमटी दिसली. दात ठेवून ती बाहेर आली तेव्हा मेणाचा एक कपटा तिच्या केसांत होता.

दुपारी मुलाखत. कॉरिडॉरमध्ये लाकडी बाक, बाकावर आम्ही, आणि भिंतीवर सेकंदाचा काटा टकटक करणारं घड्याळ. आधीचे उमेदवार दहा-बारा मिनिटांत बाहेर येत होते. तिचा नंबर आला. दार बंद झालं. बारा मिनिटं झाली. वीस झाली. मधे एकदा दार उघडलं, शिपाई एक जाड फाइल घेऊन आत गेला.  शेजारचा एक बाप मला म्हणाला, "वेळ लागतोय म्हणजे चांगलं असतं." मी मान हलवली. पस्तीस मिनिटांनी ती बाहेर आली, माझ्यासमोरून सरळ चालत गेली आणि इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिथे तिनं मला सांगितलं ते असं.

आत तिघं होते. मधे चष्मा डोक्यावर सरकवलेले प्राचार्य, डावीकडे रसायनशास्त्राच्या बाई, उजवीकडे एक तरुण सर्जन, हातातलं पेन सारखं उघडझाप करणारा. तिचा मेणाचा दात सर्जनसमोर होता. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, दात फिरवून फिरवून पाहिला, खूश दिसला. मग प्राचार्यांनी फॉर्म उचलला.

"दुसरं वर्ष. तीन विषय. घरगुती कारण. कागद आणलेत?"

"काका, माझा हात वरच्याच कागदावर गेला होता," ती म्हणाली. "बोटांना तो गुळगुळीत लागला. कोरा, करकरीत. आईचा कागद घड्या पडून पडून फडक्यासारखा झालाय. आई तो उशाखाली जपून ठेवायची, ते मला एकदम आठवलं. मी खालचा काढला."

बाईंनी तो घेतला, गुणपत्रिकेशेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोट टेकवलं. "हा झटका निकालानंतर आठ महिन्यांनी आलाय."

"हो."

"मग कारण काय?"

"कारण मीच. मला रसायनशास्त्र कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. मी चार महिने वर्गात गेले नाही. वाचनालयात बसून राहिले."

"पण तुमच्या मॅडमनी सहीनिशी लिहिलंय."

"त्यांना तसंच वाटतं. पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. चूक त्यांची नाही."

सर्जनच्या पेनाची टकटक थांबली. प्राचार्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे खरं सांगून तुम्ही स्वतःचं किती नुकसान केलंत, कळतंय ना?"

"कळतंय सर."

बाई अजून गुणपत्रिकाच बघत होत्या. "पुढच्या वर्षी मात्र, आई खरोखर आजारी असताना, तुम्ही हे तीन आणि त्या वर्षाचे सगळे विषय एकदम काढलेत. ते कसं काय?"

"दवाखान्यात सगळं विचारावंच लागायचं. गोळी कधी द्यायची, डॉक्टर कधी येणार, चादर कुठून आणायची. विचारायची भीड चेपली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला रोज विचारायचे."

"आणि नंतर? ती सवय राहिली का?"

चिमटी म्हणाली, इथे तिला खोटं बोलायचा मोह सगळ्यात जास्त झाला. "थोडी सुटली," तिनं सांगितलं.

दादाच्या कागदाबद्दल ती आत बोलली नाही. पायऱ्यांवर बसून तिनं तो माझ्या हातात दिला. मी त्याचे तुकडे केले आणि खिशात कोंबले.

"आता मॅडमना सांगायचं," मी म्हटलं.

"आधी आईला," ती म्हणाली.

घरी मीही गेलो. तिनंच ओढून नेलं. दार उघडताक्षणी आईंनी खुर्चीतूनच विचारलं, "झालं चांगलं?" आणि चिमटीनं चपला काढायच्या आधी, उंबऱ्यातच, सगळं सांगून टाकलं. वाचनालय, गादी, आठ महिने. दादा आतून आला आणि अर्ध्यावर थांबला.

मला वाटत होतं, माउली सुटकेचा श्वास टाकेल. आपल्यामुळे काही बिघडलं नव्हतं हे कळल्यावर कुणालाही बरं वाटेल, असा माझा समज. आईंचा चेहरा आधी पडला, मग ताठरला. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर इतक्या जोरात आपटला की शेजारचं पाण्याचं भांडं खाली पडलं.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून येत होते. "आठ वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून गिळतेय. पोरीचं नुकसान केलं म्हणून. औषध मागताना सुद्धा... मला जड व्हायचं. आणि तू रोज इथेच होतीस. माझ्यासमोर."

"आई..."

"जा. आत जा."

चिमटी आत गेली. दादा भिंतीला टेकून उभा राहिला. "म्हणजे तो कागद..." तो पुटपुटला. "मी तो कागद चुकीचा केला?" मी खिशातले तुकडे त्याला दाखवले. 

दुसऱ्या दिवशी ती मॅडमशी बोलायला सकाळी लवकर आली, पण कॉलेज तिच्या आधी पोचलं होतं. प्राचार्यांच्या कार्यालयातून फोन येऊन गेला होता. मॅडमनी दार लावून घेतलं नाही, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"माझी सही आहे त्याच्यावर. वीस वर्षांत मी एका रोग्याला खोटं प्रमाणपत्र दिलेलं नाही. आणि तू बसून ऐकलंस? छान आहे म्हणालीस?"

"चुकलं मॅडम."

"काम कर तुझं."

त्यानंतर अकरा दिवस मॅडम तिच्याशी थेट बोलल्या नाहीत. मापं खिडकीतून यायची, सूचना मला व्हायच्या. बाराव्या दिवशी मॅडमनी मला पुढे बोलावून एक बंद पाकीट दिलं, कॉलेजात नेऊन द्यायला. "वाचलंत तरी चालेल," म्हणाल्या, म्हणून वाचलं. तीन ओळी होत्या. आधीच्या पत्रातलं नापास होण्याचं कारण माझा समज होता, तो चुकीचा निघाला. बाकी मजकूर मी आजही तसाच लिहीन. खाली सही, नेहमीपेक्षा मोठी.

यादी लागली. चिमटी प्रतीक्षेत चौथी. आठवड्यानं तिसरी, मग एकदम पहिली. वरच्या बारांपैकी एकानं जागा सोडली की हिचा नंबर. शेवटची मुदत एका शुक्रवारी, पाच वाजेपर्यंत. त्या दिवशी तिनं फोन प्लास्टरच्या वाडग्याशेजारी उभा करून ठेवला होता. दुपारी दोनदा वाजला. एकदा दादा, "आला का?" आणि एकदा रक्तपेढीवाले. साडेचारला मॅडम मागे आल्या आणि काही कारण नसताना कपाट आवरू लागल्या. पावणेपाच. मी एकच दात तिसऱ्यांदा घासत होतो. पाच वाजले, पाच वाजून दहा मिनिटं झाली.  चिमटीनं फोन उचलून पर्समध्ये टाकला आणि समोरची अर्धी कवळी ओढून घेतली.

मॅडम दारापाशी थांबल्या. "ते तीन पेपर पुन्हा देता येतात ना? गुण सुधारायला?"

"येतात," चिमटी म्हणाली. "चौकशी केलीय मी. कालच विचारून आले."

मग पुढचं वर्षभर आमच्या मागच्या खोलीत रसायनशास्त्र शिजलं. तिनं विचारायचा सपाटाच लावला. दर शनिवारी ती कॉलेजातल्या त्याच रसायनशास्त्राच्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहायची. बाईंनी पहिल्यांदा तिला ओळखलं नाही, दुसऱ्यांदा ओळखून हाकललं, तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं दिली. घरी आईंनी दीड महिना अबोला धरला. मग एके सकाळी त्या म्हणाल्या, "ते पुस्तक आण. मला वाचून दाखव. कळतंय का तुला ते मी बघते." आईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठे अडखळते हे बरोबर कळायचं. अडखळली की डावा हात वर. "पुन्हा."

तीनही पेपर सुधारले. सरासरी झाली सत्तावन्न. तरी सत्तावन्नच. फॉर्म पुन्हा भरला. त्या चौकोनात या वेळी तिनं खरं कारण लिहिलं, बारीक अक्षरांत, चौकोन भरून. दुसऱ्या मुलाखतीला मी गेलो नाही, तिनंच नको म्हटलं. बाईंनी म्हणे कारण विचारलंच नाही. खडू हातात दिला, फळ्याकडे बोट दाखवलं आणि एक गणित घातलं. अर्ध्यावर तिचं अडलं. ती वळून म्हणाली, "बाई, इथे तापमान स्थिर धरायचं का?" बाई म्हणाल्या, "हे विचारणारी तू आज पहिली."

यादीत ती अकरावी होती. बारांत अकरावी. कारकुनानं गुणपत्रिका पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "सत्तावन्न?" तो म्हणाला आणि शिक्का मारला.

वय तेव्हा एकोणतीस. वर्गातली बाकीची पोरं तिला ताई म्हणायची. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्रात ती गचकली. निकालाच्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला.

"काका, उडाले एका विषयात."

मी विचारलं, "घरी सांगितलंस?"

"आईला सगळ्यात आधी. मग दादाला. मॅडमना आत्ता लावते. आणि काका, मी सरांच्या खोलीबाहेरच उभीय, आतलं माणूस निघालं की मी जाणार. ठेवते हं, निघालं."

फेरपरीक्षेत तो विषय सुटला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या दवाखान्यात मंगळवारी आणि गुरुवारी रोगी तपासते. त्यांच्या कवळ्या लागतात तेव्हा मापं आमच्याकडे येतात, आणि सोबत तिच्या अक्षरात पानभर सूचना असतात. परवाच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं: काका, डावी बाजू मला नीट जमलेली नाही, काय चुकलंय ते कळवा. मी माप उजेडाकडे धरलं. खरंच चुकलं होतं. लगेच फोन लावला.